पुरवा सुटायच्या आत

काल तू चहा टाकायला आत गेलीस, तेव्हा मी सोफ्याखाली वाकून पाहिलं. रागावू नकोस हं. पायाखालची सतरंजी ओली लागली म्हणून पाहिलं. तर आईच्या जुन्या लुगड्याचे चार बोळे, एकाला एक खेटून, बाल्कनीच्या सरकत्या दाराच्या कडेला लावलेले. ते अंजिरी लुगडं मी काठावरून ओळखलं. तू चहा घेऊन आलीस, मी सोफा होता तिथे सरकवला आणि आपण तुझ्या लेकीच्या शाळेचं बोलत बसलो. पण मैदागिनला रिक्षा सोडून गल्लीतून दुर्गाघाटाकडे चालायला लागले तरी ते बोळे डोळ्यांपुढून जाईनात. एवढी शहाणी पोर, सख्ख्या बहिणीला सांगायला का लाजली असेल?

कारण मला कळतं गं. घर नवं, हप्ते चालू, जावईबापूंनी केवढ्या हौसेने घेतलेलं. पहिल्याच वळवाला पाणी आत आलं, की बाईला वाटतं आपल्याच हातून काही राहिलं. आणि वरून तुझ्या खालच्या भाभीजी. त्या मला जिन्यात भेटल्या. भांडल्या नाहीत, उलट हात धरून आत नेलं आणि छत दाखवलं. बरोबर तुझ्या दाराच्या रेषेखाली पिवळट कडेचा डाग आहे, पापुद्रे सुटलेत. म्हणाल्या, ‘दीदी, आप समझाइए, बच्ची है, घबरा जाती है.’ चांगली बाई आहे. तिला टाळू नकोस. तुझ्या दाराचं दुखणं काय आहे ते तिच्या छतावर तुझ्यापेक्षा स्पष्ट लिहिलेलं आहे, ते मी पुढे सांगते.

आधी एक गोष्ट, जी पुण्यात वाढलेल्या माणसाच्या लक्षातच येत नाही. आपल्याकडे पाऊस पश्चिमेचा. पुण्याच्या घरी पश्चिमेची खिडकी पावसाळाभर बंद असायची आणि आजोळी मे संपायच्या आत पश्चिमेच्या पडवीला झापं बांधलेली असायची, आठवतं ना? तोच हिशेब डोक्यात ठेवून तुम्ही पश्चिम टाळलीत आणि पूर्वेची बाल्कनी घेतलीत. सकाळचं ऊन येईल, लांबून गंगा दिसेल, सगळं खरं. पण इथे पाऊस उलट्या अंगाने येतो. बंगालच्या उपसागरावरून आलेला वारा गंगेच्या खोऱ्यातून वर सरकत काशीला पोचतो, म्हणजे पूर्वेकडून. इथले लोक त्याला पुरवा म्हणतात, पुरवैया म्हणतात. गंगा काशीत उत्तरवाहिनी, घाट पश्चिम काठावर, सगळ्यांची तोंडं उगवतीला. सूर्याला अर्घ्य द्यायला ती दिशा सुंदर आहे, पण पावसाची झड नेमकी तिथूनच येते. आमच्या जुन्या घरात नदीकडच्या खिडक्या बेताच्या आणि त्यांवर दगडी छज्जे चांगले हातभर पुढे आलेले आहेत. छज्ज्याच्या पोटाला कडेपासून बोटभर आत एक खाच आहे. पाणी पोटाखालून भिंतीकडे ओघळत येतं ते त्या खाचेशी तुटून खाली पडतं. तुझं दार मात्र सहा फूट रुंद काचेचं, सगळ्यात वरच्या मजल्यावर, आणि वर छज्जा जेमतेम वीतभर. पुरव्याच्या तोंडावर ते उघडं उभं आहे. यात तुझी चूक कुठे आली?

आता माझी चूक सांगते, म्हणजे तू ती करणार नाहीस. गच्चीवरच्या खोलीला आम्ही असंच दार बसवलं. पहिल्या पावसात आत पाणी आलं. मी सिलिकॉनची नळी आणली आणि दिसेल ती फट भरत सुटले. चौकटीच्या खालच्या पट्टीला बाहेरच्या अंगाने तीन लांबट भोकं होती. मला वाटलं, हेच ते, इथूनच शिरतंय. तीही बुजवली. त्या रात्री पाऊस आला आणि आधी थेंबाथेंबाने येणारं पाणी काठावरून ओसंडून आत आलं. खाली सासूबाईंची गादी होती. त्या बोलल्या काहीच नाहीत. उठल्या, गादी गुंडाळली आणि माझ्याबरोबर परात घेऊन बसल्या. पहाटे एवढंच म्हणाल्या, ‘पाणी येणारच गं, त्याला जायला वाट ठेवली होतीस का?’

ती तीन भोकं म्हणजेच ती वाट होती. सरकत्या दाराची रचनाच तशी असते. पल्ला सरकायचा तर भोवती जागा सोडावी लागते, आणि जागा आहे तिथे पाणी जातं. ते खालच्या पन्हळीत, म्हणजे ट्रॅकमध्ये पडतं, साचतं आणि बाहेरच्या भोकांतून निघून जातं. मिस्त्री त्यांना ड्रेन होल किंवा वीप होल म्हणतात. म्हणून तुला पहिली विनवणी: सिलिकॉनची नळी अजून उघडू नकोस. आधी वाट मोकळी आहे का ते पाहा.

तुझी मोकळी नाही. मी काल हात घातला होता. मे महिन्यात लू चालते तेव्हा काशीची धूळ पिठासारखी बारीक होऊन घरात येते, पन्हळीत बसते. त्यात कबुतरांची पिसं, तुळशीच्या मंजिऱ्या, वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या. वळवाचे चार थेंब पडले की त्याचा चिखल होतो आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हात तो सिमेंटसारखा धरतो. पूर ओसरताना आपल्या घाटांवर पाहिलंस का? पाणी उतरता उतरताच पंप लावून गाळ धुतात, कारण एकदा वाळला की तो कुदळीला दाद देत नाही. तुझ्या पन्हळीचंही तसंच कर. आधी अर्धा तास पाणी घालून चिखल भिजू दे, मग जुन्या टूथब्रशने मोकळा कर आणि भोकात बाहेरून खराट्याची काडी घालून आतल्या बाजूने दिसेपर्यंत फिरव. आतून बाहेर ढकलू नकोस, बाहेरून आत ढकल आणि चिखल आतून फडक्याने उचल, नाहीतर बोळा पुढेच अडकतो. मग अर्धा तांब्या पाणी पन्हळीत ओत. ते झरझर बाहेर पडलं पाहिजे. रेंगाळलं तर अजून काहीतरी आहे.

कधी कधी भोकंच पाडलेली नसतात. बसवणाऱ्याला घाई असते, आणि कोरड्या दिवसांत कुणाला कळतही नाही. तुझ्याकडे दोन आहेत, तिसरं मधलं मला सापडलं नाही. मिस्त्रीकडून पाडून घे, पण त्याच्याजवळ उभी राहा. भोक बाहेरच्या उभ्या कडेला, अगदी तळाशी हवं. पन्हळीच्या तळाला सरळ खाली पाडलं तर सगळं पाणी फरशीच्या पोटात जाईल. भोकांवर बाहेरून बसणाऱ्या प्लास्टिकच्या टोप्या मिळतात, आत छोटी झडप असते. पाणी बाहेर जाताना ती उघडते, वारा आत येताना मिटते. पूर्वेच्या दाराला त्या हव्यातच.

कारण वाऱ्याचा जोर आपल्याला वाटतो त्याहून जास्त असतो. ताशी ५० किलोमीटरचा वारा समोरून आदळला तर त्याचा दाब सुमारे १२ मिलिमीटर उंचीचं पाणी तोलून धरतो. म्हणजे बाहेरून वारा ढकलत असतो आणि पन्हळीतलं पाणी बाहेर पडण्याऐवजी आतल्या कडेशी तेवढं चढून उभं राहतं. तुझ्या पन्हळीची आतली कड मी बोटाने मोजली. पेराच्या निम्मी, म्हणजे काठोकाठ तेवढीच. जोराची वावटळ आली की ते आत सांडणारच. तिथे अ‍ॅल्युमिनियमची एल आकाराची पट्टी आतून चिकटवून कड बोटभर उंच करता येते. पल्ल्याला घासत नाही ना एवढं मात्र मापून घ्यायचं.

आता खालच्या भाभीजींच्या छताकडे ये. वाऱ्याने आत सांडलेलं पाणी तुझ्या सतरंजीवर येतं, त्यांच्या छतावर सरळ रेषेत उतरत नाही. त्यांचा डाग दाराच्या रेषेत आहे, म्हणजे पाणी पन्हळीच्या तळातून खाली जातंय. पन्हळ फरशीला स्क्रूने आवळलेली असते. त्या प्रत्येक स्क्रूचं भोक ही एक विहीर आहे, डोक्याखाली सिलिकॉन भरलेलं नसेल तर पाणी तिथूनच झिरपतं. दुसरी जागा म्हणजे चौकटीचे खालचे दोन कोपरे, जिथे उभी पट्टी आडवीला जोडली आहे. हे बघायची माझी एक पद्धत आहे, कणकेची. घट्ट कणीक मळ, बाहेरून ड्रेन होल तात्पुरती बुजव, संध्याकाळी ऊन उतरल्यावर पन्हळीत थोडं पाणी भर, आतली कड बुडणार नाही इतपतच, आणि पेन्सिलने पातळीची खूण कर. तासाने बघ. पातळी तिथेच असेल तर तळ धड आहे. खाली गेली असेल तर स्क्रू किंवा कोपरे पाणी पीत आहेत. माझा अंदाज आहे, तुझी खाली जाईल. मग पन्हळ पूर्ण वाळवून, एकेक स्क्रू काढून, भोकात सिलिकॉन घालून तो परत आवळायचा आणि डोक्यावरही एक थेंब द्यायचा. कोपऱ्यांना आतून बोटाने भरायचं. काम झालं की कणीक काढायला विसरू नकोस!

चौकट आणि भिंत यांच्यामधली फट हे तिसरं प्रकरण, आणि त्याला तपासायचं तर धीर लागतो. वर्तमानपत्राच्या लांब पट्ट्या कापून आतून चौकटीच्या कडेने लाव, त्यांवर कोरड्या गेरूची पूड भुरभुरव. उभ्या बाजूंना पूड टिकत नाही, तिथे नुसता कागद चिकटव. गेरूला एक थेंब लागला तरी तो जागच्या जागी गडद होतो, नजर चुकत नाही. मग एकीने बाहेर नळी धरायची, एकीने आत बसायचं. नळी आधी अगदी खाली, चौकट फरशीला टेकते तिथे. पंधरा मिनिटं थांबायचं. काही नाही आलं तर एका बाजूने हळूहळू वर. मग दुसरी बाजू. सगळ्यात शेवटी वरची पट्टी. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि चोर सापडत नाही. आणि नळीला अंगठा लावून जोर करू नकोस, पाऊस पडतो तसं पडू दे.

फट सापडली की मगच सिलिकॉन, आणि इथे दुकानदाराला नीट विचार. नळी उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते काचेसाठी ठीक, पण सिमेंटला आणि दगडाला ते धड धरत नाही, मुळातच बिघडतं. तुला न्यूट्रल सिलिकॉन हवं, बाहेरच्या हवेत टिकणारं. जुनं सिलिकॉन ब्लेडने पूर्ण खरवडून काढायचं, कारण नवं जुन्यावर चिकटत नाही. इथेच सगळे आळस करतात. मग स्पिरिटने पुसायचं, पूर्ण वाळू द्यायचं. फट खोल असेल तर आधी फोमची दोरी आत दाबायची आणि वरून भरायचं. साबणाच्या पाण्यात बोट बुडवून एका दमात रेघ ओढायची, थांबत थांबत नाही. एक दिवस तरी पाणी लागू द्यायचं नाही.

मिस्त्री म्हणेल, दीदी, सिमेंट भर देते हैं, जिंदगीभर का काम. नाही म्हण. इथे जानेवारीत थंडीने बोटं वळत नाहीत आणि जूनमध्ये उन्हातल्या चौकटीला हात लावता येत नाही. अडीच मीटर लांबीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी ४० अंशांच्या फरकाने दोन मिलिमीटरहून जास्त लांबते. सिमेंट एवढं ताणलं जात नाही. पहिल्या उन्हाळ्यात केसासारखी चीर पडते आणि पाणी त्या चिरेतून जास्त ओढीने आत जातं.

आमच्या घरी तर सिमेंटचा आणखी एक त्रास झाला. जुनी भिंत लखौरी विटांची, त्या चपट्या पातळ विटा, चुना-सुरखीत बसवलेल्या. ती भिंत ओल घेते आणि सोडते. आम्ही दाराभोवती सिमेंटचा गिलावा केला, ओल आत कोंडली आणि हातभर वर जाऊन लोणा फुटला. पांढरी पूड बोटाला लागायची, चाखली तर खारट. शेवटी सिमेंट काढून परत चुन्याचं करावं लागलं. तुझ्या फ्लॅटला हे लागू नाही, पण तुझ्या सासरच्यांचं ब्रह्माघाटावरचं घर दुरुस्त करायचं चाललंय म्हणून सांगून ठेवते.

पल्ल्यांचं काम सोपं आहे, ते तू एकटी करशील. दोन पल्ले मध्ये एकमेकांत अडकतात तिथे आणि वरखाली एक केसाळ पट्टी असते, तिला ऊल पाइल म्हणतात. तुझी चपटी होऊन गेली आहे, मधून उजेड दिसतो. जुन्या पट्टीचा बोटभर तुकडा कापून दुकानात ने, पाठीची रुंदी आणि केसांची उंची दोन्ही जुळली पाहिजेत. जास्त जाड घेतलीस तर दार सरकणार नाही. पल्ला उजवीकडे कललाय तेही बघ. पल्ल्याच्या कडेला तळाशी प्लास्टिकचं बूच असेल तर ते काढ, आत स्क्रू दिसेल. तो फिरवला की चाक खाली येतं आणि पल्ला उचलला जातो. अर्धा अर्धा फेरा फिरवून बघ. वरच्या कोपऱ्यातली तिरकी फट मिटली की थांब.

फरशीबद्दल बोलायला मला जड जातंय, कारण ते खर्चाचं आहे. तुझ्या हॉलची आणि बाल्कनीची फरशी एका पातळीत आहे. दिसायला छान, लेकीची सायकल सरळ बाहेर जाते. पण आपल्या घरांना उंबरा होता तो नुसता हळदीकुंकू वाहायला नव्हता. बाहेरची जमीन आतल्यापेक्षा खाली आणि मध्ये उंबरा, हा पाण्याचाच बंदोबस्त होता. बाल्कनीला मीटरमागे किमान एक सेंटिमीटर उतार मोरीकडे हवा. लेकीची गोटी घे आणि सोडून बघ. गोटी दाराकडे आली तर दिवाळीच्या आधी, पाऊस संपल्यावर, फरशी उचलून उतार नीट करून घ्यावा लागेल. यंदाच्या पावसाळ्यापुरता दाराबाहेर ग्रॅनाइटचा दोन बोटं उंच उंबरा बसवून घे, पण ड्रेन होलच्या पुढे थोडं अंतर ठेवून, नाहीतर तोच बांध होईल. आणि मोरीच्या जाळीवर कुंडी ठेवली आहेस ती आजच्या आज हलव.

थंडीत सकाळी धुकं असताना चौकटीवर आतून पाणी जमलेलं दिसेल, तेव्हा घाबरू नकोस. ती गळती नाही. गार अ‍ॅल्युमिनियमवर घरातली वाफ जमते. पुसून टाक आणि स्वयंपाकघराची खिडकी थोडी उघडी ठेव.

वेळ फार नाही. पाऊस इथे साधारण २० जूनच्या सुमारास पोचतो. आणि इथला सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो, कावडवाल्यांच्या गर्दीने रस्ते अडले की कुठला मिस्त्री आणि कुठली काच. मग भाद्रपदापर्यंत पाण्याचंच राज्य. आमच्या सासूबाई १९७८च्या सप्टेंबरचं अजून सांगतात, गंगा ७३.९०१ मीटरपर्यंत चढली होती, धोक्याची पातळी ७१.२६२ असताना. खालचा मजला रिकामा करून सगळे वर राहायला आले होते आणि तेवढ्यात वरून पाऊस. त्या म्हणतात, खालचं पाणी सोसलं, पण छतातून टपकणाऱ्या थेंबांनी झोप उडवली. म्हणून मी भाभीजींच्या छताचं एवढं बोलतेय.

जावईबापूंना आज रात्री सांग. जेवणं झाल्यावर, लेक झोपल्यावर, बोळे दाखवून सांग. ते विद्यापीठात दिवसभर मुलांना शिकवतात, घरातली गोष्ट लपवली हे कळलं तर त्यांना पाण्यापेक्षा त्याचं वाईट वाटेल. भाभीजींना सांग, आधी वरचं काम, मग दोन आठवडे छत वाळू द्यायचं, मग रंगाचा खर्च आपण देऊ. ओल्यावर रंग दिला तर पुन्हा पापुद्रे येतील.

रविवारी दुपारी मी येते. नळी मोठी हवी, बाथरूममधून बाल्कनीपर्यंत पोचेल अशी, ती आमच्याकडे आहे. गेरूही आहे, मागच्या दिवाळीतला. तू कणीक मळून ठेव, पोळ्यांसारखी सैल नको, पुऱ्यांसारखी घट्ट. आणि आईचं ते लुगडं आज धुऊन गच्चीत टाक, कडकडीत वाळू दे. काठ अजून धड आहे त्याचा, तुझ्या लेकीला त्याची गोधडी शिवू.